गावाची छत्री, गल्लीची छत्री, घराची छत्री

'केबल ठेवावी की छत्री बसवावी?' हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरांतून २००३ पासून पुढची दहा-बारा वर्षे पुनःपुन्हा विचारला गेला. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी त्याची उत्तरे कोष्टके मांडून दिली: महिन्याचा खर्च किती, वाहिन्या किती, चित्र किती स्वच्छ, पावसाळ्यात काय होते. ग्राहकाच्या दृष्टीने ती कोष्टके उपयोगाचीच होती. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास हा प्रश्न काहीसा फसवा आहे. केबलच्या तारेतून घरात येणारी वाहिनी ही मुळात आकाशातूनच आलेली असे. केबलवाल्याच्या गच्चीवर उतरून मग ती तारेत शिरे. जाहिरात-व्यवसायातील पाहण्यांनी हे फार आधी ओळखले होते, त्यांच्या लेखी 'केबल अँड सॅटेलाइट घरे' हा एकच वर्ग होता. म्हणजे तार विरुद्ध उपग्रह अशी निवड आपल्याकडे खऱ्या अर्थाने कधी नव्हतीच. निवड होती ती निराळी: उपग्रहाकडे तोंड करून उभी असलेली छत्री कोणाच्या मालकीची असावी, आणि तिच्या आश्रयाला किती माणसांनी यावे.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा माग काढू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय आपल्या कुंपणाबाहेरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा विचार शिळाप्रेस, टपालखर्च आणि वर्गणीदारांच्या याद्या वगळून करता येत नाही, हे आता आपण सगळेच मान्य करतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र आपली समीक्षा मालिकेच्या कथानकाशी आणि तिच्यातील सासू-सुनांशी थांबते. ती मालिका कोणत्या वाटेने घरात आली, त्या वाटेवर नाका कोणाचा होता, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. ती लागावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. गावाची छत्री

भारतात उपग्रहाचे चित्र केबलच्या आधी आले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष 'साइट' या नावाने ओळखला जाणारा प्रयोग चालला. 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी भारताला वर्षभर वापरावयास मिळाला होता आणि 'इस्रो'ने त्याची जमिनीवरची व्यवस्था उभारली होती. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत प्रत्येकी एक संच बसवण्यात आला. त्या संचाशेजारी जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची छत्री उभी असे. सकाळी मुलांसाठी शाळेचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन. एक गाव, एक छत्री, एक संच. आणि त्यासमोर जमिनीवर बसलेला सगळा गाव.

या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे दूरचित्रवाणी आली ती जमिनीवरच्या मनोऱ्यावरून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुण्यापर्यंत ते सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पोहोचले. घराच्या कौलांवर किंवा गच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना, आणि वारा सुटला की ती फिरवायला वर चढलेला घरातला मुलगा, हे त्या काळाचे चित्र. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' हे कार्यक्रम या एकाच वाटेने आले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखकाची मुलाखत ऐकणारा प्रेक्षक हा तो कार्यक्रम निवडून बसलेला असेच असे नाही. त्या वेळी दुसरे काही नव्हतेच. निवडीच्या अभावातून साहित्याला एक मोठा, काहीसा सक्तीचा श्रोतृवर्ग लाभला. त्या काळाबद्दल हळवे होऊन लिहिताना ही सक्ती आपण विसरतो.

गावाच्या छत्रीखाली काय दाखवायचे हे शासन ठरवी. ही व्यवस्था वडीलधाऱ्यासारखी होती: हिताचे तेवढे देणारी, आवडीचे विचारायला विसरणारी. तिच्याविरुद्ध तक्रार करायची तर ती दिल्लीकडे करावी लागे, आणि दिल्ली लांब होती.

२. गल्लीची छत्री

१९८२ साली दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर घरोघरी नसला तरी इमारतीत एखादा तरी दिसू लागला. मुंबईच्या उंच इमारतींमध्ये तळमजल्यावरच्या एका यंत्रातून सगळ्या घरांना तार ओढून हिंदी चित्रपट दाखवण्याचा धंदा याच दशकात रुजला. आपल्या केबलचा जन्म हा असा आहे. अमेरिकेत केबल १९४८ च्या सुमारास आली ती डोंगरांआड अडकणारी प्रक्षेपणे पकडून देण्यासाठी. आपल्याकडे ती आली ती प्रक्षेपणात जे नाही ते दाखवण्यासाठी.

या धंद्याने कायद्यापुढे एक मौजेचा प्रश्न उभा केला. आपल्या घरात, आपल्या कुटुंबासमवेत, तारेतून आलेला चित्रपट पाहणे ही खाजगी गोष्ट की सार्वजनिक? १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निर्णय दिला की, पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना केबलवरून चित्रपट दाखवणे म्हणजे तो जनतेपुढे सादर करणेच होय. प्रेक्षक आपापल्या घरात बसलेले आहेत म्हणून ते खाजगी ठरत नाही. सबब प्रताधिकारधारकाची परवानगी हवी. वाचक आणि वाचकवर्ग यांतील फरकावर आपण वर्गात जे बोलतो, त्याचीच ही न्यायालयीन आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. दिवाणखाना एकेकट्याचा असतो, पण तारेने जोडलेले शंभर दिवाणखाने मिळून एक सभागृह होते.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि युद्धाचे थेट चित्रण पाहण्यासाठी बड्या हॉटेलांच्या छत्र्यांकडे लोकांचे लक्ष गेले. त्याच वर्षी हाँगकाँगहून 'स्टार टीव्ही' सुरू झाला. त्याचा उपग्रह एशियासॅट-१. या उपग्रहाची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. १९८४ मध्ये 'वेस्टार-६' या नावाने तो सोडला गेला, चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षी अमेरिकेच्या अंतराळयानाने त्याला परत पृथ्वीवर आणले, आणि डागडुजी होऊन एप्रिल १९९० मध्ये तो नव्या नावाने पुन्हा आकाशात गेला. आपल्या सांस्कृतिक जीवनात ज्याने एवढी उलथापालथ केली, तो उपग्रह असा दुसऱ्या हातचा होता. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, त्याच उपग्रहावरून 'झी टीव्ही' सुरू झाला.

आता गल्लीची छत्री का, हे पाहू. एशियासॅटचे प्रक्षेपण 'सी बँड' या लहरपट्ट्यात होते. त्याचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होई की तो गोळा करायला आठ ते बारा फुटांची छत्री लागे. एवढी छत्री एका कुटुंबाला परवडणारी नव्हती, आणि चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायची कोठे, हाही प्रश्न होता. शंभर-दोनशे घरांनी मिळून मात्र ती सहज परवडे. तेव्हा केबलवाला ही व्यक्ती कोणाच्या धोरणातून जन्मलेली नसून ती छत्रीच्या व्यासातून जन्मलेली आहे. कॅसेटची लायब्ररी चालवणारा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, विजेच्या सामानाचे दुकान असणारा, किंवा नुसताच गल्लीत वजन असलेला तरुण, असा कोणीतरी पुढे झाला. त्याने गच्चीवर छत्री बसवली आणि तेथून तार निघाली: या गच्चीवरून त्या गच्चीवर, गुलमोहराच्या फांदीवरून, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून. वाटेत संदेश मंदावे म्हणून ठरावीक अंतरावर अँप्लिफायर बसवावा लागे, आणि प्रत्येक अँप्लिफायर चित्राबरोबर थोडी खरखरही वाढवी. म्हणून तारेच्या शेवटच्या घरात मुंग्याच जास्त दिसत. एकाच गल्लीत, एकच वर्गणी भरून, छत्रीजवळच्या घराला एक चित्र आणि टोकाच्या घराला दुसरे!

हे सगळे कोणत्या कायद्याखाली चालले होते? बरीच वर्षे कोणत्याच नाही. १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने केबलचे जाळे हे १८८५ च्या तारकायद्याच्या कक्षेत येते, सबब त्याला परवाना हवा, असे म्हटले तेव्हा सरकारला जाग आली. २९ सप्टेंबर १९९४ रोजी वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा झाला. केबलवाल्याने नोंदणी करायची ती मुख्य टपाल कार्यालयात, आणि दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवायच्याच, अशा त्यातील दोन तरतुदी. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे तत्त्व सांगितले. तत्त्व थोर होते. गल्लीत मात्र लहरी कोणाच्या हा प्रश्न नव्हता, तार कोणाची हा होता.

तारेचा मालक केवळ पुरवठादार नव्हता, तो संपादक होता. जुन्या संचांवर मोजक्याच वाहिन्या लागत आणि तारेच्या खालच्या लहरपट्ट्यात चित्र अधिक स्वच्छ दिसे. कोणती वाहिनी या मानाच्या जागी बसवायची आणि कोणती खरखरीत ढकलायची, हे केबलवाला ठरवी. पुढे या जागेसाठी वाहिन्या त्याच्याच वरच्या कंपन्यांना पैसे मोजू लागल्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' आणि जुलै २००० मध्ये 'ईटीव्ही मराठी' सुरू झाली, तेव्हा मराठी वाहिनीचे महाराष्ट्रातील स्थान तिच्या गुणवत्तेइतकेच या जागेवरही अवलंबून होते. 'आभाळमाया'चे यश लिहिताना आपण तिचे लेखन आणि अभिनय यांचा विचार करतो, तो योग्यच आहे. पण ती कितव्या क्रमांकावर दिसत होती, हेही त्या यशाच्या इतिहासाचे एक पान आहे.

या संपादकाला आपला वाचकवर्ग, म्हणजे प्रेक्षकवर्ग, नावानिशी ठाऊक होता. कोणत्या चाळीत कोकणातले लोक अधिक, कोणत्या इमारतीत गुजराती, कोठे तमिळ, हे त्याला दरमहा दारोदार वसुली करताना कळे आणि त्याप्रमाणे तो वाहिन्यांची भर घाली. शिवाय त्याची स्वतःची एक वाहिनी असे. गणपती विसर्जनाची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन, नगरपालिकेच्या उमेदवाराची सभा, साडीच्या दुकानाची स्थिर चित्रांची जाहिरात, दशक्रियेची सूचना. भाषा गावची, चेहरे ओळखीचे. मराठी बोलींना मोठ्या वाहिन्यांवर विनोदापुरतीच जागा होती, त्या काळात या पडद्यावर त्या सहज वावरत होत्या.

अर्थात, गल्लीच्या छत्रीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एका गल्लीत केबलवाला एकच असे आणि दुसऱ्याने तेथे तार टाकण्याचा प्रयत्न केला तर ती रातोरात कापली जाई. किती घरे जोडली आहेत याचा खरा आकडा तो ना करमणूक कर घेणाऱ्या सरकारला सांगे, ना वाहिन्यांना. वाहिन्या त्याचा वचपा दर वाढवून काढीत आणि तो भार शेवटी घरावर येई. ज्याला क्रिकेट नको त्यालाही क्रिकेटचे पैसे पडत. यावर तोडगा म्हणून 'कॅस' आली: आपल्याला हवी ती सशुल्क वाहिनी निवडा, तिच्यापुरते पैसे भरा, त्यासाठी संचाला एक डबा जोडा. २००२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. १ सप्टेंबर २००३ रोजी चेन्नईत आणि बऱ्याच कोर्टबाजीनंतर २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत ती लागू झाली. ७७ रुपयांत तीस मोफत वाहिन्या आणि सशुल्क वाहिनीला जास्तीत जास्त ५ रुपये, असा दर ठरला. निवडीचा अधिकार प्रेक्षकाला देण्याचा हा पहिला सरकारी प्रयत्न. तोवर घरावरची छत्री दारात येऊन उभी राहिली होती.

३. घराची छत्री

ही छत्री याआधीच येऊ शकली असती. 'केयू बँड' या अधिक उंच कंप्रतेच्या लहरपट्ट्यात प्रक्षेपण केले की जेमतेम दोन फुटांची छत्री पुरते. रूपर्ट मरडॉक यांनी १९९३ मध्ये 'स्टार'चा ताबा घेतल्यावर भारतात अशी सेवा सुरू करण्याची तयारी चालवली होती. परंतु १६ जुलै १९९७ रोजी सरकारने अधिसूचना काढून ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचे प्रक्षेपण पकडणारी साधने विनापरवाना बाळगण्यास मनाई केली. परकीय भांडवलदार केबलवाल्याला आणि शासनालाही वगळून थेट घरात शिरेल, ही त्यामागची धास्ती. नोव्हेंबर २००० मध्ये बंदी उठली, १५ मार्च २००१ रोजी मार्गदर्शक तत्त्वे आली. २ ऑक्टोबर २००३ रोजी 'डिश टीव्ही', डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत 'डीडी डायरेक्ट प्लस' आणि ऑगस्ट २००६ मध्ये 'टाटा स्काय' सुरू झाली. गांधीजयंतीचा मुहूर्त आपल्या दूरचित्रवाणीने तीनदा साधला, हा योगायोग असेल. चरख्याची आठवण मात्र कोणाला झाली नाही.

घराच्या छत्रीचा खरा उपकार झाला तो जेथे तार कधीच गेली नसती अशा ठिकाणी. केबलचे गणित दाट वस्तीवर चालते. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्या, सह्याद्रीतले पाडे, मराठवाड्यातल्या शेतातल्या वस्त्या येथे शंभर घरांसाठी किती तार ओढावी लागेल हे पाहून कोणताही केबलवाला परत फिरला असता. छत्रीला शेजाऱ्याची गरज नाही. अर्थात कोकणात तिची परीक्षा आषाढात होई: केयू बँडच्या लहरी जोराच्या पावसात शोषल्या जातात, आणि नेमकी ज्या संध्याकाळी बाहेर पडणे अशक्य त्याच संध्याकाळी पडदा काळा होतो. शहरात अडचण दिशेची होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात, त्यामुळे महाराष्ट्रातून छत्रीचे तोंड दक्षिणेकडे, बहुधा आग्नेयेकडे करावे लागते. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून घराचे दार तिकडे नको म्हणणाऱ्या समाजाच्या सगळ्या छत्र्या तिकडेच पाहू लागल्या. उत्तरेकडे खिडक्या असलेल्या सदनिकाधारकाला गच्चीवर जागा मागण्यासाठी सोसायटीच्या सभेत उभे राहावे लागे. म्हणजे घराची छत्रीही पूर्णपणे घराची नव्हतीच.

दुसरा बदल अधिक खोल होता. केबलवाल्याशी भांडता येत असे. तो दारात येई, त्याचे नाव ठाऊक असे. नव्या व्यवस्थेत तक्रार दूरध्वनीवर, अनोळखी आवाजापाशी नोंदवायची आणि तिचा क्रमांक लिहून घ्यायचा. वर्गणी आधी भरायची. संपली की पडदा आपोआप बंद. डबा एका कंपनीचा, म्हणून दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर तो बहुधा निरुपयोगी. परवान्याच्या अटींत डबे परस्परांशी जुळणारे असावेत असे लिहिले होते, व्यवहारात ते उतरले नाही. गल्लीतील मक्तेदारी मोडली हे खरे. तिच्या जागी करार आला.

पुढे हा भेदही पुसट झाला. २०११ च्या कायदादुरुस्तीने केबललाही डबा सक्तीचा केला. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसारख्या महानगरांची, ३१ मार्च २०१३ ही पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांची मुदत ठरली, आणि २०१७ पर्यंत उरलेल्या भागांसाठीही जुन्या पद्धतीच्या केबलची मुदत संपली. २०१९ च्या आरंभी 'ट्राय'ची नवी दरपद्धती केबल आणि छत्री दोहोंना सारखीच लागू झाली: शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये अधिक कर, आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत. मतपत्रिका हातात यावी तशी वाहिन्यांची यादी घराच्या हातात आली. बहुतेक घरांनी काय केले? कंपनीने बांधून दिलेला संच घेतला. शेकडो नावांतून निवडणे हे कष्टाचे काम आहे, हे ग्रंथपालांना पूर्वीपासून माहीत होते.

४. पुन्हा तार

घरावरच्या छत्रीचाही बहर ओसरला आहे. २०२० च्या सुमारास सशुल्क छत्रीची सक्रिय घरे सात कोटींच्या आसपास होती. २०२५ पर्यंत ती सहा कोटींच्या खाली आली. एकीकडे महिन्याचे शुल्क नसलेली दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश', आणि दुसरीकडे काचेच्या तंतूंतून येणारे इंटरनेट. हा तंतू म्हणजे पुन्हा तारच. ठिकठिकाणी ती घरापर्यंत आणून देणारा माणूसही जुना केबलवालाच आहे. फरक इतकाच की आता तो संपादक राहिला नाही. तो फक्त वाट मोकळी ठेवतो. वाटेवरून काय येईल, हे फार दूर, त्याच्या आणि आपल्याही नजरेआड ठरते.

गाव, गल्ली, घर हा क्रम प्रगतीचा आहे असे मानण्याचा मोह होतो, कारण दर टप्प्यावर वाहिन्या वाढल्या. आम्हांला तो जबाबदारीच्या स्थलांतराचा क्रम वाटतो. गावाच्या छत्रीखाली निवड नव्हती आणि तक्रार दिल्लीला जाई. गल्लीच्या छत्रीखाली निवड थोडी होती, पण ती करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. घराच्या छत्रीखाली निवड अमाप झाली आणि ती मांडून देणारा दिसेनासा झाला. 'केबल की छत्री' या प्रश्नाला रुपयांत उत्तर देणाऱ्या कोष्टकांत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

अभ्यासकांसाठी एक काम शिल्लक आहे, आणि त्याला वेळ थोडा आहे. मोठ्या वाहिन्यांच्या मालिका कोठे ना कोठे सापडतील. गल्लीच्या वाहिनीवरच्या कॅसेटवर मात्र पुढच्या वर्षीची मिरवणूक पुसून चित्रित होई. त्या वाहिन्यांवर वीस वर्षे जी मराठी बोलली गेली, ज्या सूचना, शोकवार्ता आणि भाषणे झाली, ती कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत येणार नाहीत. पण वसुलीची पावतीपुस्तके, वाहिन्यांच्या क्रमांकांची छापील पत्रके, गल्लीतल्या नोंदवह्या अजून काही माळ्यांवर असतील, आणि ते केबलवाले आता साठीच्या घरात आहेत. एकेका गावच्या महाविद्यालयातील मराठी विभागाने आपल्या परिसरातल्या एका जरी केबलवाल्याला बोलते केले, तरी नव्वदोत्तरी वाङ्मयीन संस्कृतीबद्दल आपण जी विधाने सहजपणे करतो, त्यांतली काही नव्याने तपासावी लागतील.